देहाच्या चित्राखाली कोणाकोणाची नावे असावीत?

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अठराव्या शतकातील युरोपातल्या शरीररचनेच्या कोरीव चित्रांवर आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झालेली असताना या विषयावर मराठीत कोणीतरी आस्थेने लिहिले, याचा मला आनंद झाला. तथापि, ही चित्रे म्हणजे कॅमेरा येण्यापूर्वीची छायाचित्रेच होत, असा जो निष्कर्ष लेखात काढला आहे, तो मला मान्य नाही. मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवली आणि विज्ञानाच्या वर्गासाठी हृदय, मूत्रपिंड, डोळा यांचे तक्ते स्वतः रंगवले. त्यामुळे देहाचे चित्र काढताना पावलोपावली काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे ठरवावे लागते, हे मला हाताने काम करून ठाऊक आहे. ज्ञानोदयाच्या, म्हणजे सतराव्या-अठराव्या शतकांतील युरोपीय विचारजागृतीच्या, काळातले प्रत्येक मोठे चित्र किमान चौघांचे मिळून झालेले आहे: ज्याचा देह आहे तो, देह उघडणारा वैद्य, रेखाटणारा चित्रकार आणि कोरणारा कारागीर. या चौघांपैकी कोणाचे नाव उरले आणि कोणाचे गेले, हे पाहिल्याशिवाय त्या चित्रांचे मोल करता येत नाही, आणि आपल्या नव्या महाविद्यालयांनाही हाच प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे, असे मला वाटते.

ही चित्रे तयार कशी होत, ते आधी सांगते. १५४३ साली बाझल येथे छापलेल्या वेसॅलियस या शरीररचनातज्ज्ञाच्या ग्रंथातील चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरलेली होती. लाकडात रेघेच्या आजूबाजूचा भाग खोदून काढतात आणि उंच उरलेल्या रेघेला शाई लावतात, त्यामुळे असा ठोकळा अक्षरांच्या खिळ्यांबरोबर एकाच पानावर छापता येतो. पुढे त्याची जागा तांब्याच्या पत्र्याने घेतली. तांब्यावर रेघ पोलादी टोकाने खोल कोरतात किंवा आम्लाने खाऊ देतात, सगळ्या पत्र्याला शाई माखून वरची पुसून घेतात आणि खोलगट रेघेत राहिलेली शाई दोन रुळांच्या दाबाखाली ओलसर कागदावर उचलून घेतात. ही रेघ अत्यंत बारीक होऊ शकते. ती आडवी-उभी छेदता येते, तुटक करता येते, ठिपक्यांत विरवता येते. त्यामुळे स्नायूचे तंतू, हाडाचा खरखरीतपणा आणि आवरणाची झिलई वेगवेगळ्या हातोट्यांनी दाखवणे शक्य झाले. पण त्यासाठी छापयंत्र वेगळे, कारागीर वेगळा आणि पानेही वेगळी लागत, म्हणून असे ग्रंथ अतिशय महाग होत. शिवाय छाप नेहमी उलटा येतो. मूळ रेखाटन आहे तसेच कोरले, तर छापलेल्या माणसाचे यकृत डावीकडे आणि हृदयाचे टोक उजवीकडे जाईल. म्हणून कोरणाऱ्याला सारे काही आरशातल्यासारखे उलटे उतरवावे लागे. हे ज्याने केले, तो निव्वळ नक्कल करणारा असू शकत नाही. चित्राच्या तळाशी डावीकडे रेखाटणाऱ्याचे आणि उजवीकडे कोरणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत घालण्याची रीत युरोपात होती. ती सगळीकडे पाळली जात असे, असे मात्र नाही.

कॅमेऱ्याचीच गोष्ट निघाली आहे, तर लंडनचे शल्यवैद्य विल्यम चेसेल्डन यांचे उदाहरण घेणे योग्य होईल. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अस्थिचित्रसंग्रहासाठी त्यांनी खरोखरच कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरला होता. अंधाऱ्या पेटीच्या भिंगातून आत पडलेली प्रतिमा काचेवर गिरवून घेण्याचे हे साधन होते आणि ते वापरणारा माणूस ग्रंथाच्या शीर्षकपानावरील चित्रातच दाखवला आहे. यंत्राने प्रमाण अचूक दिले, यात शंका नाही. तरीही त्याच ग्रंथात एक मानवी सांगाडा गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतो. भिंगाने सांगाड्याला गुडघे टेकायला सांगितलेले नाही. ती निवड माणसाची आहे, आणि ती पाहणाऱ्याला मृत्यूविषयी काहीतरी सांगू पाहते. अचूकपणा आणि निवड या दोन गोष्टी एकाच चित्रात सुखाने नांदतात, हे लक्षात घेतले की छायाचित्राची उपमा अपुरी का पडते ते कळते.

नावांच्या बाबतीतला एक मोठा तंटा नेदरलँड्समध्ये उभा राहिला. गोव्हार्ट बिडलू या डच वैद्यांचा शरीररचनेचा ग्रंथ १६८५ साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये निघाला. त्यातील १०५ चित्रे खेरार्द द लेरेस या नामवंत चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत, आणि ती पाहताना आजही अंगावर काटा येतो. लेरेस यांनी विच्छेदनाच्या मेजावर जे होते ते सारे दाखवले: कातडी ताणून धरणाऱ्या टाचण्या, मनगटाला बांधलेली दोरी, चेहऱ्यावर टाकलेले फडके, इतकेच काय, एका चित्रात येऊन बसलेली माशीसुद्धा. मृत माणूस येथे मृत म्हणूनच दिसतो. पुढे १६९८ साली विल्यम काउपर या इंग्रज शल्यवैद्यांनी हीच छापील चित्रे मिळवून, मूळ सजवलेल्या शीर्षकपानावर आपल्या नावाची चिठ्ठी चिकटवून, नवा इंग्रजी मजकूर आणि काही थोडी नवी चित्रे जोडून ग्रंथ स्वतःच्या नावाने ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केला. बिडलू यांनी १७०० साली पुस्तिका छापून लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेपुढे ही तक्रार मांडली. काउपर यांचा मजकूर अनेक ठिकाणी बिडलूंपेक्षा चांगला होता, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. मला मात्र या भांडणात दुसरेच खटकते. दोन्ही वैद्य आपापल्या नावासाठी भांडत होते, आणि ज्यांच्या हातून ती चित्रे उतरली ते लेरेस, आणि ज्यांच्या देहांवरून उतरली ती माणसे, दोघेही या तंट्याच्या बाहेर राहिले.

या काळातले सर्वांत देखणे काम लायडन विद्यापीठाचे बर्नहार्ड सिगफ्रिड अल्बिनस आणि त्यांचे चित्रकार यान वांदेलार यांचे. त्यांचा सांगाडा आणि स्नायू यांचा चित्रसंग्रह १७४७ साली प्रसिद्ध झाला. उभ्या केलेल्या सांगाड्याचे प्रमाण बिघडू नये म्हणून त्यांनी दोऱ्यांच्या दोन चौकटजाळ्या वापरल्या. एक सांगाड्याच्या अगदी पुढे, दुसरी लहान चौकोनांची, आणि संपूर्ण आकृती सुमारे चाळीस फुटांवरून पाहून, दोन्ही जाळ्यांचे चौकोन एकावर एक जुळवत वांदेलार यांनी रेखाटन केले. चित्राचे सौंदर्य अक्षरांनी बिघडू नये म्हणून प्रत्येक छायांकित चित्राला जोडून एक नुसत्या बाह्यरेषांचे चित्र दिले आणि अवयवांची अक्षरे त्या दुसऱ्या चित्रावर घातली. मी शाळेत मुलांना हीच युक्ती शिकवत असे. एवढ्या काटेकोर मोजमापानंतरही अल्बिनस यांनी जो सांगाडा निवडला, तो मुद्दाम निवडलेला, मध्यम उंचीच्या, प्रमाणबद्ध पुरुषाचा होता, आणि त्यात जे काही उणे होते ते चित्रात सुधारून घेतल्याचे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. म्हणजे असा माणूस प्रत्यक्षात कधी नव्हता. त्याच प्रस्तावनेत, चित्रकार आपल्या हातातले हत्यार असावे आणि चित्रे आपणच काढावीत, इतका तो आपल्या आज्ञेत होता, असेही ते म्हणतात. वांदेलार यांचे नाव त्यांनी लपवले नाही, हे त्यांच्या पदरात टाकलेच पाहिजे. पण नाव देऊनही माणसाला हत्यार ठरवता येते, हे त्या वाक्यातून दिसते.

या संग्रहातील दोन चित्रांत कातडी काढलेल्या पुरुषाच्या मागे एक गेंडा चरत उभा आहे. हा गेंडा आपल्याकडचा, एकशिंगी भारतीय. क्लारा नावाची ही मादी बंगालमधील डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकाच्या घरी वाढली, आणि कंपनीच्याच एका कप्तानाने ती १७४१ साली नेदरलँड्सला नेली. वांदेलार यांनी तिला प्रत्यक्ष पाहून काढले. आमच्या वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातील डच वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत. मसाले, कापड आणि प्राणी वाहून नेणारा जो व्यापार या किनाऱ्यावर चालला, त्याच व्यापाराच्या पैशावर लायडन आणि अ‍ॅम्स्टरडॅममधली छापखान्यांची व विद्यापीठांची भरभराट बरीचशी उभी होती, हे त्या वखारीजवळून जाताना आठवल्यावाचून राहत नाही. गंमत अशी की क्लाराचे नाव, तिचा प्रवास आणि १७५८ साली लंडनमध्ये झालेला तिचा मृत्यू, हे सगळे नोंदलेले आहे. तिच्या पुढे उभा असलेला माणूस कोण होता, ते कोठेही नाही.

नावे पुसण्याची ही रीत सर्वांत ठळकपणे दिसते ती लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांच्या गर्भवती गर्भाशयाच्या चित्रसंग्रहात. १७७४ साली बर्मिंगहॅम येथे जॉन बास्करव्हिल यांच्या छापखान्यात तो छापला गेला. ३४ चित्रे, बहुतेक प्रत्यक्ष आकाराची. पहिला देह १७५० च्या सुमारास मिळाला: पूर्ण दिवस भरत आलेली आणि अचानक मरण पावलेली एक स्त्री. थंडीचे दिवस असल्यामुळे कामाला वेळ मिळाला. यान फान रिम्सडाइक या चित्रकाराने लाल खडूने ती रेखाटली, आणि ती मूळ रेखाटने आज ग्लासगो विद्यापीठात जपलेली आहेत. हंटर यांनी प्रस्तावनेत चित्राचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, समोर जे दिसले त्याचेच चित्र. दुसरा, अनेक नमुने पाहून मनात तयार झालेल्या कल्पनेचे चित्र. त्यांनी पहिला प्रकार पत्करला, आणि त्याला ते इतके जागले की एका चित्रात गर्भाभोवतीच्या ओल्या आवरणावर खोलीच्या खिडकीचे प्रतिबिंबसुद्धा उमटले आहे. ती खिडकी पाहिली की एखाद्या विशिष्ट दिवशी, विशिष्ट उजेडात, विशिष्ट स्त्रीसमोर बसून हे काम झाले याची खात्री पटते. इतके विशिष्ट असूनही त्या स्त्रियांपैकी एकीचेही नाव त्या ग्रंथात नाही. आणि ज्या रिम्सडाइकने वर्षानुवर्षे हे काम केले, त्याचेही नाव हंटर यांच्या प्रस्तावनेत नाही. कोरणाऱ्यांपैकी रॉबर्ट स्ट्रेंज यांचे मात्र आभार आहेत. वैद्यकातले हे एक थोर पुस्तक आहे, प्रसूतिशास्त्राला त्याने जे दिले ते अमूल्य आहे, आणि तरीही त्यातली ही उणीव मला क्षम्य वाटत नाही.

स्त्रीच्या सांगाड्याचीही हीच कथा. १७५९ साली फ्रान्समध्ये अस्थिशास्त्राचा एक सचित्र ग्रंथ निघाला, त्यात स्त्रीचा सांगाडा लहान कवटीचा, अरुंद फासळ्यांचा आणि रुंद कटीचा दाखवला होता. मूळ इंग्रजी ग्रंथाचा अनुवाद आणि चित्रांची देखरेख तिरू द'आर्कोंव्हिल या विदुषीची. पुस्तक मात्र तिने आपल्या नावाने काढले नाही, ते एका पुरुष वैद्याच्या नावावर प्रसिद्ध झाले. त्या अरुंद फासळ्या निसर्गाच्या होत्या की लहानपणापासून आवळलेल्या कॉर्सेटच्या, यावर पुढे बराच वाद झाला.

आता हे देह येत कोठून, हे सांगणे भाग आहे. इंग्लंडमध्ये १७५२ पासून अमलात आलेल्या कायद्याने फाशी दिलेल्या खुन्याचा देह विच्छेदनासाठी देण्याची तरतूद केली आणि ती शिक्षेचाच एक भाग मानली गेली. एवढ्याने गरज भागत नसे, म्हणून कबरी उकरून प्रेते विकणाऱ्यांचा धंदा चालला. १८३२ च्या कायद्याने मग गरिबांच्या आश्रयगृहांत व इस्पितळांत मरण पावलेल्या बेवारस गरिबांचे देह महाविद्यालयांकडे वळवले. आपल्याकडे मुंबई राज्याने १९४९ साली केलेला अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट बेवारस मृतदेहांविषयी याच वाटेने जातो. आज स्वेच्छेने देहदान करणारे वाढत आहेत, ही फार समाधानाची गोष्ट आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या देहांवरून वैद्यकाची चित्रे काढली गेली, ते बहुतांशी ज्यांना नकार देण्याची संधीच नव्हती अशांचे होते, हे सत्य आहे.

याच काळात दूर जपानमध्ये जे घडले, ते मला या संदर्भात मोलाचे वाटते. १७७१ साली एडो (आजचे टोकियो) शहराबाहेरच्या वधस्थळी सुगिता गेनपाकू, माएनो र्‍योताकू आणि त्यांचे सहकारी वैद्य एका मृत्युदंड दिलेल्या वृद्धेचे विच्छेदन पाहायला गेले. त्यांच्या हातात डच भाषेतला शरीररचनेचा सचित्र ग्रंथ होता. समोरचा देह त्या चित्रांशी तंतोतंत जुळतो आणि जुन्या पोथ्यांशी जुळत नाही, हे पाहून त्यांनी डच भाषा जेमतेम येत असतानाही तो ग्रंथ जपानीत आणण्याचा निश्चय केला. १७७४ साली, म्हणजे हंटर यांच्या ग्रंथाच्याच वर्षी, तो प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे ओदानो नाओताके या तरुण चित्रकाराने पुन्हा काढली आणि त्याचे नाव ग्रंथात आहे. त्या वृद्धेला लोक ज्या टोपणनावाने ओळखत, तेही इतिहासात राहिले: आओचा बाबा.

आपल्याकडे काय होते? मला सर्वांत जवळचे वाटणारे चित्र शरीराच्या आतले नाही, चेहऱ्याचे आहे. कावसजी नावाचा एक मराठा बैलहाक्या इंग्रजी फौजेबरोबर टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या लढाईत होता. तो पकडला गेला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. नंतर पुण्याजवळ वीट पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन शल्यवैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिली, आणि तिचे वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आले. मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचा साचा घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याच्या कडेने रेघ ओढून कपाळाची कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्तपुरवठा तुटत नाही. मग ती कातडी खाली वळवून जागेवर बसवायची. जोड धरण्यासाठी पाण्यात मऊ केलेल्या काताच्या पट्ट्या वापरल्या, आणि चौथ्या दिवसापासून तुपात भिजवलेल्या कापडाच्या. साधारण पंचविसाव्या दिवशी ती जोडपट्टी कापली गेली. हा कात म्हणजे आमच्या चिपळूण-सावर्ड्याकडे आजही खैराच्या लाकडापासून काढला जातो तोच. या वर्णनासोबत जे चित्र आले, ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने प्रत्यक्ष कावसजीला समोर बसवून रंगवलेल्या चित्रावरून कोरलेले आहे. डोक्याला पागोटे, नजर शांत, कपाळावर कातडी काढल्याची खूण, आणि बाजूला मेणाच्या साच्याच्या लहान आकृत्या. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू यांनी हे वाचून अभ्यास केला आणि १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया स्वतः करून १८१६ साली त्यावर पुस्तक लिहिले. आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात हा टप्पा सर्वजण मानतात. येथे रुग्णाचे नाव आहे, चित्रकाराचे आहे, साक्षीदारांचे आहे. ज्याच्या हातात ती विद्या होती, त्या वीटकऱ्याचे नाव त्या मजकुरात नाही. त्याची जात तेवढी नोंदवली आहे.

याच वेल्स साहेबांनी सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रे काढली, आणि पुण्यात त्या काळी जी चित्रशाळा चालली, तिच्याशी निगडित गंगाराम तांबट यांचे काम आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. त्यात पेशव्यांच्या पशुशाळेतल्या गेंड्याचे १७९० साली काढलेले रेखाटनही आहे. वांदेलार यांचा गेंडा लायडनमध्ये जगप्रसिद्ध झाला. तितक्याच प्रामाणिक नजरेने पाहिलेला आपला गेंडा अभ्यासकांपुरता राहिला. तांब्यावर कोरण्याचे कसब तर आपल्याकडे फार जुने आहे. कोकणच्या शिलाहारांनी दानपत्रे तांब्यावरच कोरवली, आणि १८०५ साली मिरजेला तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली भगवद्‌गीता कागदावर छापण्यातही आली. म्हणजे हात होते, धातू होता, छापण्याची रीत अवगत होती, आणि नाक घडवणारा शल्यकर्मीही होता. ही सारी मंडळी एका मेजाभोवती कधी आली नाहीत, आणि या चुटपुटीवर माझ्याजवळ काही उत्तर नाही.

वेगळ्या कामासाठी मात्र अशी मंडळी एकदा एकत्र आली होती. कोचीनचे डच अधिकारी फान रेडे यांनी मलबारच्या औषधी वनस्पतींचा जो बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅम्स्टरडॅममध्ये छापवून घेतला, त्यात सातशेहून अधिक कोरीव चित्रे आहेत. हे काम वनस्पतींचे असले तरी वैद्यकासाठीच होते. त्याच्या पहिल्या खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोंकणी वैद्यांचे, आणि इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांचे, आपण माहिती दिली अशा अर्थाचे १६७५ सालचे दाखले त्यांच्या स्वतःच्या लिपीत कोरून छापले आहेत. युरोपात छापलेल्या त्या पानावर आपली नागरी अक्षरे आहेत. या तिघांचे पूर्वज गोमंतकातून दक्षिणेत गेलेल्या कोंकणी घराण्यांतले. ज्ञान देणाऱ्याची सही चित्रांच्या बरोबरीने छापणे सतराव्या शतकात शक्य होते, तर आज ते अशक्य आहे असे कोणी म्हणू नये.

चित्राखालच्या सहीने किती फरक पडतो, याचे विदारक उदाहरण विसाव्या शतकात मिळते. व्हिएन्नाचे शरीररचनातज्ज्ञ एडुआर्ट पर्नकॉफ यांचा शरीररचनेचा चित्रसंग्रह सूक्ष्मतेत आजही अजोड मानला जातो. त्यातील काही चित्रकारांनी सहीत नाझी चिन्ह घातले होते. पुढच्या आवृत्त्यांत ते खोडून टाकण्यात आले. व्हिएन्ना विद्यापीठाने १९९८ साली जाहीर केलेल्या चौकशीत निष्पन्न झाले की नाझी राजवटीच्या काळात मृत्युदंड दिलेल्या किमान १,३७७ माणसांचे देह तेथील शरीररचना विभागात आले होते. आजही एखाद्या अवघड शस्त्रक्रियेत हा संग्रह पाहण्याची गरज पडते, आणि तो पाहावा की नाही यावर विचार करणाऱ्यांनी घातलेली मुख्य अट हीच आहे की ही चित्रे कशी घडली ते रुग्णाला आणि विद्यार्थ्याला सांगितले पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे आपल्या नव्या महाविद्यालयांपुढे मांडते. डिसेक्शनच्या पहिल्या दिवशी विद्यार्थी समोरच्या देहाला पहिला गुरू मानून शपथ घेतात, ही प्रथा अनेक ठिकाणी आली आहे आणि ती उत्तम आहे. याच्या पुढे एक पाऊल टाकावे. अनेक जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांत चित्रकार आणि मॉडेलर अशी पदे असत. ती कोकणातल्या महाविद्यालयांत नव्याने आणि मानाने भरावीत. पडद्यावर फिरवून पाहता येणारे त्रिमिती देह उपयोगी आहेत, त्यांना माझा विरोध नाही, पण त्यातला देह हा पुन्हा अल्बिनसच्या सांगाड्यासारखाच निवडलेला आणि सुधारलेला असतो. आपल्या माणसांचे देह पाहून काढलेली चित्रे आपल्या विद्यार्थ्यांना हवीत. परदेशी पुस्तकांत पुरळ, कावीळ, सूज हे सारे बहुधा गोऱ्या कातडीवर दाखवलेले असते. फुरशाच्या दंशानंतर सावळ्या पायावर सूज आणि काळेनिळेपण कसे पसरते, ते आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेला कोणत्या चित्रात सापडणार? सावर्डे परिसरात काही किलोमीटरच्या अंतरात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि चित्रकलेचे महाविद्यालयही आहे. पिंगुळीच्या चित्रकथीपासून सावंतवाडीच्या गंजिफांपर्यंत बारीक रेघेचा सराव असलेले हात आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात पिढीजात आहेत, आणि त्यांच्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांच्या चित्रांवरही सही नाही. कलाशिक्षण घेतलेल्या मुलामुलींना शरीररचना विभागात बसून रेखाटण्याची रीतसर परवानगी आणि मानधन मिळावे, आणि त्यांच्या प्रत्येक चित्राखाली त्यांचे नाव जावे. पाठ्यपुस्तक मंडळालाही हीच विनंती आहे. परीक्षेत आम्ही सुबक आणि नामनिर्देशित आकृती मागतो; झडपा, धमन्या, शिरा यांची नावे मूल अचूक लिहिते, पण पुस्तकातली ती आकृती कोणी काढली हे त्याला आकृतीजवळ कोठेही वाचायला मिळत नाही.

राहिला देहाचा प्रश्न. देहदानाच्या संमतीपत्रात सध्या दात्याची व नातेवाइकांची संमती घेतात. तेथेच आणखी दोन प्रश्न विचारता येतील: या देहावरून काढलेली चित्रे शिक्षणासाठी जतन करून छापण्यास संमती आहे का, आणि छापताना दात्याचे नाव द्यावे की गुप्त ठेवावे. पुष्कळ कुटुंबे गुप्तता मागतील आणि तो त्यांचा अधिकार आहे. तेव्हा चित्राखाली 'दात्याच्या इच्छेनुसार नाव दिलेले नाही' एवढे छापावे. बेवारस देहांवरून मात्र चित्रे काढून छापू नयेत, कारण तेथे विचारायला कोणीच नसते. हे दोन प्रश्न संमतीपत्रात घालायला फारसा खर्च येत नाही आणि त्यासाठी नवा कायदाही लागेलसे वाटत नाही. तिन्ही महाविद्यालयांच्या शरीररचना विभागांनी ठरवले, तर येत्या शैक्षणिक वर्षापासून ते करता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग